वैरागची वाट आणि कारखान्याची राख

सोलापूरहून बार्शीला निघाले की वाटेत वैराग लागते. एकूण रस्ता सुमारे ७० किलोमीटरचा. त्याचे दोन हिस्से सरले की वैरागची घरे दिसू लागतात. घाईने जाणाऱ्याला या वाटेवर पाहण्यासारखे काही नाही असे वाटते. घाट नाही, दाट झाडी नाही. काळी जमीन, मधूनच मुरमाड माळ, ज्वारी, तूर, हरभरा, अलीकडे सोयाबीन, आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस नाहीतर द्राक्षे. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर ही वाट पुष्कळ काही शिकवते.

नोकरीच्या निमित्ताने या रस्त्याने माझे अनेकदा जाणे झाले आहे. या खेपेला मात्र एक विषय डोक्यात ठेवून निघालो होतो. कारखान्यांतून टाकून दिलेल्या वस्तू, म्हणजे बॉयलरची राख, लोखंडाचा कीस, धातुकामातला गाळ, धातूंनी नासलेले पाणी स्वच्छ करायला उपयोगी पडतात, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. यातल्या किती वस्तू आपल्याच वाटेवर पडून आहेत आणि शेतकरी कुटुंबाने त्यातून काय घ्यावे, काय घेऊ नये, हे पाहावे असा विचार होता.

द्राक्षबागेतला विळा

सोलापूर मागे पडले की थोड्याच वेळात नान्नज येते. येथील माळरानावर १९७९ साली माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. आता माळढोक दिसणे फार दुर्मीळ झाले आहे. नान्नजचे दुसरे नाव द्राक्षांसाठी. ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात येथील शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवडून पुढे आणली. महाराष्ट्रभरच्या बागांत ती पोचली आहे.

रस्त्याकडेच्या एका बागेत बोर्डो मिश्रण तयार करणे चालले होते. एक टक्का बोर्डो कसे करायचे हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असते : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे. मिश्रण झाल्यावर बागवानाने विळ्याचे घासलेले पाते त्यात मिनिटभर बुडवले आणि वर काढून उन्हात धरले. पात्यावर तांबूस झाक आली होती. त्याने मुकाट्याने चुन्याची निवळी आणखी ओतली आणि पुन्हा पाते बुडवले. या वेळी पाते कोरे निघाले.

वाचकहो, आपल्या विषयाचे अर्धे शास्त्र त्या विळ्याच्या पात्यावर होते! मोरचुदात तांबे असते आणि ते पाण्यात पूर्ण विरघळते. चुना घातला की त्या तांब्याचे न विरघळणारे निळे कण होतात. विरघळलेले तांबे पानांना चटका देते. चुन्याने बांधलेले तांबे पानावर बसून राहते. चुना कमी पडला तर सुटे तांबे पाण्यात उरते. असे तांबे लोखंडाला भेटले की अदलाबदल होते. थोडे लोखंड पाण्यात उतरते आणि तांबे पाण्यातून निघून लोखंडावर बसते. तीच ती तांबूस झाक.

ही अदलाबदल जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. चीनमध्ये नऊशे-हजार वर्षांपूर्वी खाणीच्या निळसर पाण्यात लोखंड घालून तांबे काढत. अमेरिकेत मोंटाना राज्यातील ब्यूट येथे तांब्याच्या खाणीतून वाहणारे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडक्या लोखंडावरून आणि टाकाऊ डब्यांवरून सोडू लागले. तांबे हाती आले आणि पाण्यातले तांबेही कमी झाले. टाकाऊ वस्तूने पाणी स्वच्छ करण्याचे याहून सोपे उदाहरण दुसरे नाही.

न दिसणारे विष

पाण्यात धातू येतात कुठून? भांड्यांना आणि यंत्रांच्या भागांना निकेल-क्रोमचा मुलामा देणारे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या जागा, कातडी कमावण्याचे उद्योग, काही प्रकारचे रंग आणि खाणी ही त्याची मुख्य ठिकाणे. शेण, सांडपाणी, पालापाचोळा पाण्यात पडला तर काही काळाने कुजून जातो. धातू कुजत नाही, जळत नाही, उडून जात नाही. तो पाण्यातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून माणसात असा फिरत राहतो.

शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट जपानची आहे. तेथे तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यातले कॅडमियम नदीत उतरले. खालच्या गावांनी तेच पाणी भाताला दिले आणि तेच पाणी प्याले. हळूहळू लोकांची, विशेषतः चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची, हाडे ठिसूळ होऊ लागली. खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. वेदनांनी लोक विव्हळत, म्हणून त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’ पडले. त्याचा अर्थ ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणातून झाल्याचे मान्य केले. नासलेल्या शेतांवर नवी माती घालण्याचे काम त्यानंतर अनेक वर्षे, २०१२ पर्यंत चालले. पाणी नासायला कुणाची परवानगी लागली नव्हती. जमीन सुधारायला मात्र एक पिढी गेली.

वैरागच्या भागात असे काही झाले आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण विहिरी आटल्या म्हणून बोअर खोल खोल चालले आहेत, शहरांभोवती कारखाने वाढत आहेत, आणि एकाच पाण्यावर घर, गोठा आणि पीक उभे आहे. अशा वेळी पाण्याची जाण आधीपासून असलेली बरी.

वैराग आणि राखेचा हिशेब

वडाळा ओलांडून पुढे गेले की वैराग येते. बार्शी तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. आता येथे नगरपंचायत आहे. ग्रामदैवत संतनाथ महाराज. भोवतालच्या गावांचे धान्य, कडबा, किराणा, औषधे, बी-बियाणे असे सगळे व्यवहार वैरागला होतात. या भागातल्या भोगावती आणि नागझरी या नद्या सीनेला जाऊन मिळतात. हिंगणी आणि जवळगाव येथील धरणांनी त्यांचे पाणी अडवले. पाणी आले तसा ऊसही आला. सहकारी साखर कारखान्याचा अनुभव वैरागनेही घेतला आहे. आज सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. गळिताच्या दिवसांत या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग तुटत नाही.

ऊस किती टन गेला, भाव काय मिळाला, याचा हिशेब आपण पैशापैशाने करतो. त्याच उसाच्या राखेचा हिशेब कुणी केला आहे का? एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओले बगॅस निघते. ते बॉयलरमध्ये जळते. १०० किलो बगॅसमागे साधारण २ ते ३ किलो राख उरते. म्हणजे टनामागे ६ ते ९ किलो. एकरी ४० टन ऊस घातलात, तर तुमच्या एका एकराची राखच अडीच ते साडेतीन क्विंटल झाली. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज ३० ते ४५ टन राख पडते. काही विटांत जाते, काही खड्ड्यांत भरतात, काही शेतात टाकतात, काही वाऱ्याने उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

या राखेत दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, उसाच्या अंगातली वाळू, जिला सिलिका म्हणतात. दुसरी, अर्धवट जळलेला कोळसा. हा कोळसा भाकरीच्या पदरासारखा आतून पोकळ, सच्छिद्र असतो. छिद्रे बारीक असली तरी त्यांच्या आतल्या भिंती फार. विरघळलेले धातू या भिंतींना आणि सिलिकाच्या कणांना चिकटतात. शिवाय राख अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या जातीची असते. त्यामुळे बोर्डोच्या टाकीत तांब्याचे जे होते, ते काही धातूंच्या बाबतीत राखेतही थोडेफार होते.

उत्तर प्रदेशालगतच्या उत्तराखंडात रुरकी येथे विनोदकुमार गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्याच्या याच राखेवर बरीच वर्षे काम केले. तांबे आणि जस्त, कॅडमियम आणि निकेल, शिसे आणि क्रोमियम अशा जोड्या घेऊन त्यांनी प्रयोग केले. शिसे आणि क्रोमियमवरील त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. राखेने पाण्यातले हे दोन धातू शेकडा ९५ हून अधिक पकडले. ज्या वस्तूसाठी कारखान्याला जागा पुरत नाही, ती महागड्या कोळशाचे काम करू शकते, हे त्यातून दिसले.

बोरात राख टाकू का?

बाजारात एका दुकानापुढच्या कट्ट्यावर चार मंडळींशी हाच विषय बोलत होतो. भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एक ताई ऐकत होत्या. त्यांनी सरळ विचारले, “साहेब, आमच्या बोराचं पाणी वर येताना निर्मळ असतंय, पण हंड्यात ठेवलं की घटकाभरानं तांबूस होतंय. राख एवढी चांगली म्हणता, मग दोन घमेली बोरात टाकू का?”

“नका टाकू, ताई,” मी म्हणालो. “अजिबात टाकू नका.”

प्रश्न अगदी रास्त होता आणि तो अनेकांच्या मनात येईल. म्हणून नकाराची कारणे नीट सांगतो.

पहिले कारण. प्रयोगशाळेतली राख आणि ढिगावरची राख एक नव्हे. रुरकीला ती धुतली, रसायनाने तिच्यातली घाण काढली, वाळवली, चाळली आणि मग वापरली. ढिगावरच्या राखेत माती, तेलाचे अंश, क्षार असे काहीही असू शकते. ती पाण्यात पडली तर आधी स्वतःचेच क्षार सोडते.

दुसरे कारण. त्या प्रयोगात राखेच्या नळीतून पाणी सोडले ते मिनिटाला अर्धा मिलिलिटर. चोवीस तासांत पाऊण लिटरसुद्धा भरत नाही. पाण्याला राखेशी निवांत वेळ मिळाला म्हणून धातू चिकटले. बोअरमधून धो-धो उपसणाऱ्या पाण्याला तो वेळ कुठला?

तिसरे कारण हिशेबाचे. शेकडा ९५ हा आकडा ऐकायला मोठा आहे. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. समजा, एखाद्या पाण्यात १ मिलिग्रॅम शिसे आहे आणि राखेने ९५ टक्के काढले. उरले ०.०५, म्हणजे मर्यादेच्या पाचपट! कारखान्याचे सांडपाणी सुधारण्यात हा फार मोठा फायदा आहे. पण ते लेकराला पाजायचे पाणी नव्हे.

चौथे कारण. सगळे धातू एका स्वभावाचे नसतात. शिसे, तांबे, जस्त चुन्याच्या जातीच्या पाण्यात खाली बसायला पाहतात. क्रोमियमचा सर्वांत विषारी प्रकार तसा बसत नाही. त्याला पकडायला पाणी थोडे आंबट असावे लागते. पाण्यात कोणता धातू आहे हे ठाऊक नसताना औषध देणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा देण्यासारखे आहे.

त्या ताईंच्या पाण्याचे लक्षण मात्र बहुधा साध्या लोहाचे होते. पाणी वर येताना स्वच्छ आणि हवा लागल्यावर तांबूस होत असेल, तर विरघळलेले लोह हवेने गंजून बाहेर पडते आहे असे समजावे. सुरुवातीपासूनच तांबडे येत असेल तर पाइप गंजल्याचा संशय घ्यावा. लोहाला राख लागत नाही. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-चार वेळा ओतावे, रात्रभर निवू द्यावे आणि स्वच्छ धुतलेल्या वाळूच्या थरातून गाळावे. बरेच लोह निघून जाते. ताईंना हे सांगितले, आणि पाणी एकदा तपासून घ्या असेही सांगितले.

लोखंडाचा कीस आणि दोन बादल्या

टाकाऊ वस्तूपासून घरगुती गाळणी झालीच नाही असे मात्र नाही. बांगलादेशात पटकीसारख्या रोगांपासून सुटका व्हावी म्हणून लाखो हातपंप बसवले गेले, आणि १९९३ साली त्यांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे जुन्या माणसांचा सोमल, सापडला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अबुल हुसाम यांनी त्यावर ‘सोनो’ नावाची गाळणी तयार केली. दोन बादल्या एकावर एक. वरच्या बादलीत वाळू आणि बीड लोखंडाच्या किसापासून केलेला थर, खालच्या बादलीत वाळू, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे. हा कीस म्हणजे लेथवर बीड कातताना खाली पडतो तोच. लोखंड गंजते आणि त्या गंजाला आर्सेनिक घट्ट चिकटते. या कामासाठी त्यांना २००७ साली अमेरिकेत १० लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. हीही गाळणी घरच्या अंदाजाने बनलेली नव्हे. थर किती, कीस कसा तयार करायचा, हे सगळे तपासून ठरवलेले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या बांधबंदिस्तीची आठवण करून देणारे आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे मुलामा देण्याच्या एका कामशाळेखालून क्रोमियम झिरपून भूजलात गेले होते. १९९६ साली तेथे जमिनीत आडवा चर खणला. लांबी ४६ मीटर, खोली सुमारे ७ मीटर, रुंदी दोन फूट. त्यात लोखंडाचा चुरा भरला. भूजल आपल्या गतीने वाहत त्या चरातून जाते. लोखंड विषारी क्रोमियमचे रूप पालटते आणि ते तिथेच बसून राहते. पंप नाही, वीज नाही. सोलापूर, कोल्हापूर, इचलकरंजीकडच्या ओतकामाच्या आणि लेथच्या कारखान्यांत असा कीस पोत्यांनी निघतो. बहुतेक तो पुन्हा वितळायला जातो. पण त्याची ही दुसरी करामतही आपल्या इंजिनिअर मंडळींनी ध्यानात ठेवावी.

टाकाऊ म्हणून निरुपद्रवी नव्हे

कचरा उपयोगी आहे म्हटले की त्याचे दोष झाकू नयेत. सोलापूरजवळ १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. दगडी कोळशाची राखही धातू पकडते, पण तिच्यात स्वतःचेच आर्सेनिक वगैरे अंश असतात. पारख न करता वापरली तर घेण्याऐवजी द्यायचीच. बेळगावकडे बॉक्साइटपासून ॲल्युमिनियमचे क्षार काढताना लाल गाळ उरतो. या गाळाने शिसे, क्रोमियम, आर्सेनिक पकडता येतात, असे प्रयोगांनी दाखवले आहे. पण तो अतिशय दाहक असतो. हंगेरीत अयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशाच गाळाच्या तलावाचा बांध फुटला. गावांत लाल लोंढा शिरला आणि १० माणसे दगावली.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी येतो. राखेने शिसे पकडले, मग त्या राखेचे काय? धातू नाहीसा झालेला नाही. तो पाण्यातून राखेत गेला एवढेच. ती राख कुणी ‘फुकटचे खत’ म्हणून शेतात पसरली, किंवा पावसात उघड्यावर टाकली, तर केलेले सगळे पाण्यात! उसाच्या चांगल्या राखेत पालाश आणि सिलिका असते, म्हणून शेतकरी ती मागतो. पण धातूचे पाणी पाजलेली राख आणि कोरी राख डोळ्यांना सारखीच दिसते. अशी वापरलेली राख घातक कचऱ्याच्या नियमांनीच हाताळली पाहिजे. महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी येथे त्यासाठी केंद्रे आहेत.

म्हणून माझे मत असे : राखेने आणि किसाने पाणी स्वच्छ करण्याची जागा विहिरीपाशी नाही, कारखान्याच्या दारापाशी आहे. जिथे धातू पाण्यात पडतो, तिथेच त्याला अडवावे. तिथे तपासणारा माणूस असतो, पाणी मोजून सोडता येते आणि वापरलेल्या राखेची नोंद राहते.

घरी काय करावे

शेतकरी कुटुंबाने एवढे करावे. पाण्याचा रंग, वास, चव बदलली, किंवा शेजारी धातूचा उद्योग आला, तर पाणी तपासायला द्यावे. नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतू कळतात. गावातल्या साध्या किटवर लोह कळते, पण शिसे किंवा कॅडमियम कळत नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ‘जड धातूंची तपासणी हवी’ असे स्पष्ट सांगावे, आणि नमुना कशात व कसा घ्यायचा ते आधी विचारून घ्यावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो. तुरटीवरही या बाबतीत भरवसा ठेवू नये.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी अंगणात फोडू नये, तिचे ॲसिड विहिरीजवळ ओतू नये. विकत घेणाऱ्या दुकानदारालाच ती परत द्यावी. उरलेले बोर्डो मिश्रण आणि ड्रम धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये. कुणी गाडीभर राख स्वस्तात देऊ केली तर ती कुठून आली, कशासाठी वापरली होती, हे विचारल्याशिवाय शेतात उतरवून घेऊ नये.

आणि एक काम सभेतले. ज्यांचा ऊस सहकारी कारखान्याला जातो त्यांतले पुष्कळजण तेथील सभासद असतात. वार्षिक सभेत आपण भावाचा प्रश्न विचारतो, तो विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीला एक प्रश्न आणखी विचारावा : आपल्या उसाची राख जाते कुठे? ती एखाद्या कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला प्रयोगासाठी द्यावी, जिल्ह्यातल्या रंगाच्या आणि मुलाम्याच्या उद्योगांच्या सांडपाण्यावर ती चालते का ते पाहावे, असा ठराव मांडायला काय हरकत आहे? एकरामागे तीन क्विंटल राख आपलीच आहे. तिचे काय होते हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.